अंकोनिया संघातून बाहेर पडतो

देशाला संघातून बाहेर काढायचं काम अनुपमाच्या अंगावर पडलं, तेव्हा ती कणीक मळत होती. तिने फक्त "आज शाळेत काय झालं रे?" एवढंच विचारलं होतं. हा प्रश्न ती रोज विचारायची आणि "नथिंग" हे उत्तर ऐकून निश्चिंत मनाने पोळ्यांकडे वळायची. त्या दिवशी मात्र अंकुर दप्तर पाठीवरून न काढताच स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "ममा, आय हॅव टु लीव्ह द युनियन."

"बरं," अनुपमा म्हणाली, "आधी हातपाय धू."

हातपाय धुऊन झाल्यावर जे कळलं ते असं. जानेवारीत तिकडे युरोपात युरोच्या नव्या नोटा आल्या. त्याचं इकडे दुबईत, ऊद मेथातल्या एका भारतीय शाळेतल्या सहावी 'ब'ला काही सुखदुःख असायचं कारण नव्हतं. पण समाजशास्त्राच्या विजयकुमार सरांना ते झालं. त्यांनी वर्गाचे सहा देश केले, सहांचा एक संघ केला, एक चलन, एक बाजार, एक संसद. मग डब्यात चिठ्ठ्या टाकल्या. पाच चिठ्ठ्यांवर लिहिलं होतं 'राहा', एकीवर लिहिलं होतं 'बाहेर पडा'. आयुष्यात कधी पाच दिरहमचं कूपनसुद्धा न लागलेल्या घराण्यातल्या मुलाने डब्यात हात घातला आणि नेमकी ती एक चिठ्ठी काढली. प्रत्येक देशात एकच मूल बोलणार, तोच पंतप्रधान. बाकीचे मंत्री, म्हणजे मागे उभे राहणारे. प्रदर्शनाच्या दिवशी सगळ्या पालकांसमोर पंतप्रधानाने सांगायचं, की बाहेर पडण्याची आपली तयारी काय.

अंकुरच्या देशाचं नाव होतं अंकोनिया. समोरच्या फ्लॅटमधल्या यहयाला 'राहा'ची चिठ्ठी आली होती, आणि त्याच्या देशाचं नाव यहयास्तान.

खरी अडचण इथेच होती. प्रकल्पाचं काय, ते होऊन जातं. पण अंकुर बोलत नसे. घरी बोले, इमारतीच्या जिन्यात बोले, धाकट्या बहिणीशी, शुभ्राशी, तर तिच्या बोबड्या भाषेत तासन्‌तास बोले. पण वर्गात त्याची जीभ टाळूला चिकटे. बाईंनी काही विचारलं, की तो शेजारच्या यहयाच्या कानाशी लागे आणि यहया मोठ्यांदा सांगे, "मिस, ही सेज नाइन्टी-सिक्स." पहिलीपासून हे असंच चाललं होतं. बाईंनाही सवय झाली होती. एकीने तर गुणपत्रिकेत शेरा मारला होता, की अंकुर आणि यहया मिळून फार छान उत्तरं देतात. आता संघातून बाहेर पडायचं म्हणजे यहयापासूनच बाहेर पडायचं. भरल्या सभागृहात, एकट्याने, यहयाच्या टेबलासमोर.

ती दुसऱ्याच दिवशी शुभ्राला कडेवर घेऊन सरांना भेटायला गेली. चिठ्ठी बदलून मिळते का, हे विचारायचं होतं. पण सरांनी तिला तोंड उघडू दिलं नाही.

"मॅडम, फ्लॅग अँड स्पीच आय डोंट वाँट. एनीबडी कॅन मेक फ्लॅग. यू टेल मी, नेक्स्ट मॉर्निंग व्हॉट विल हॅपन? मिल्क कम्स फ्रॉम व्हेअर? प्रॅक्टिकल प्रिपरेशन, मॅडम, प्रॅक्टिकल!"

अनुपमा पुण्याची. समोरच्याने आपल्याला मूर्खात काढलं असं वाटलं, की तिच्या अंगात बळ येतं. तिने तिथल्या तिथे ठरवलं, की अंकोनियाची अशी जय्यत तयारी करून दाखवायची, की पंतप्रधानाने तोंड उघडलं नाही तरी देशच बोलला पाहिजे.

संध्याकाळी दत्तप्रसादने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, विषय हातात घेतला. तो एका बांधकाम कंपनीत एस्टिमेशनला होता आणि घरातल्या प्रत्येक गोष्टीची सुरुवात तो स्कोपपासून करी. "पहिल्यांदा स्कोप फ्रीझ करू," तो सोफ्यावर आडवा होत म्हणाला. स्कोप फ्रीझ झाला की नाही ते कळलं नाही, दत्तप्रसाद मात्र बातम्या लागेपर्यंत फ्रीझ झाला होता.

चौथ्या मजल्यावरच्या उपेंद्रकाकांना मात्र झोप बिलकुल नव्हती. ते एका विमा कंपनीत होते आणि दुबईत इतकी वर्षं होते, की आताच्या अल मनखूल वस्तीत पूर्वी उंट कुठे बसायचे ते आपल्याला ठाऊक आहे असं ते सांगत. लिफ्टमध्ये त्यांना कुणकुण लागली आणि ते आपल्या मजल्यापर्यंत न जाता एक मजला अलीकडे, अनुपमाबरोबरच उतरले.

"वहिनी, आधी बॉर्डर," ते म्हणाले. "दूधबीध नंतर. बॉर्डर म्हणजे देशाची इज्जत. आणि सैन्य."

"सैन्य कशाला काका? लढाई नाहीये. नुसतं वेगळं व्हायचंय."

"नुसतं वेगळं?" उपेंद्रकाकांनी करुणेने मान हलवली. "आमचे तिघे भाऊ नुसतेच वेगळे झाले होते."

थर्माकोल करामाच्या एका स्टेशनरीच्या दुकानात मिळाला. चांगला चार फुटी, जाडजूड. तो टॅक्सीत मावेना. टॅक्सीवाल्याने एकदा थर्माकोलकडे, एकदा बाबागाडीतल्या शुभ्राकडे बघितलं आणि त्यातल्या त्यात शुभ्रा चालेल असं सुचवलं. मग अनुपमा पायी निघाली. एका हाताने बाबागाडी, डोक्यावर अंकोनिया. सगळं ठीक चाललं होतं, पण मध्येच वाळूचा वारा सुटला. देशाने शीड धरलं. अनुपमा एका बाजूला ओढली जाऊ लागली, बाबागाडी दुसऱ्या बाजूला. आईपणाला जागून तिने अर्थातच देश सोडला. तो हवेत दोन गिरक्या घेऊन पार्किंगमधल्या एका पांढऱ्या मोटारीच्या काचेवर जाऊन आपटला. मोटारीत पांढरा पायघोळ अरबी कंदुरा घातलेले एक गृहस्थ फोनवर बोलत होते. त्यांनी शांतपणे काच खाली केली, देश बाजूला सारला, तो मधोमध मोडलेला पाहिला आणि म्हणाले, "खलास." मग शुभ्राकडे बघून हसले आणि काच वर केली.

घरी आल्यावर ठरलं, की मधल्या भेगेला नदी म्हणायचं.

शुभ्रा दुपारी झोपे तेवढाच वेळ अनुपमाचा स्वतःचा. एरवी त्या वेळात ती चहा घेई, आईला पत्र लिही, किंवा नुसती शुभ्राच्या घामेजल्या कपाळावरचे केस बाजूला करत बसे. आता त्या वेळात ती स्पंजची झाडं कापू लागली. शुभ्रा झोपेत कूस बदले तेव्हा ही श्वास रोखून हातातली कात्री हवेत तशीच धरी. एका संपूर्ण देशाचं कृषी धोरण एका दीड वर्षाच्या मुलीच्या झोपेवर अवलंबून होतं, आणि खरं सांगायचं तर ते तिला थोडं आवडूही लागलं होतं.

प्रॅक्टिकल माहिती द्यायला मात्र अन्वरभाईंसारखा माणूस नव्हता. समोरच्या फ्लॅटमधल्या नूरजहाँचा हा नवरा, मूळ रत्नागिरीचा. खोर फक्कानच्या बंदरात त्यांचा मालाच्या क्लिअरिंगचा धंदा होता, ऑफिस होतं, चार माणसं हाताखाली होती आणि आवाज बंदराच्या मापाचा होता. आठवडाभर ते तिकडे राहत आणि गुरुवारी बर्फात घातलेली मासळी घेऊन घरी येत. त्यातली एक सुरमई न विचारता अनुपमाच्या घरी येई. त्या गुरुवारी सुरमईबरोबर अन्वरभाईही आले आणि देशाभोवती एक फेरी मारून खुर्चीवर बसले.

"वहिनी, हे काय?"

"फाटक. बॉर्डरचं."

"फाटक दिसतंय. म्हणजे आज टोमॅटोचा ट्रक सरळ आत येतो, उद्या तुमच्या फाटकाशी थांबणार. बरोबर? तिथं तुमचा माणूस. त्या माणसाला जेवायची सुट्टी, त्याला नमाजची सुट्टी, त्याच्या मेव्हण्याचं लग्न. ट्रक उभा. मागे दुसरा उभा. आता मला सांगा, ते ड्रायव्हर जाणार कुठं?"

"कुठे म्हणजे?"

"संडास, वहिनी, संडास! फाटक बांधलं म्हणजे देश होत नाही. संडास बांधा, पाणी द्या, चहाची टपरी टाका. आणि टोमॅटोला सावली. यल्ला, चला, दत्ताभाऊ, पुठ्ठा आणा."

जेवणाची वेळ उलटून गेली तरी अन्वरभाई अंकोनियातच होते. त्यांनी गोदाम बांधलं, वजनकाटा बसवला, कुजलेल्या मालाची विल्हेवाट लावायची जागा नेमून दिली. स्पंजची सगळी शेती त्यांनी "मोक्याची जागा वाया जातेय" म्हणून उपटून टाकली. सुरमई ओट्यावर वाट बघत राहिली. शेवटी नूरजहाँ पदर खोचून दारात आली. "चला आता! अनुच्या देशात तुमचा व्हिसा संपला."

सगळे हसले. अनुपमाही हसली. पण दुसऱ्या दिवशी उपेंद्रकाकांनी तिला जिन्यात गाठलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "वहिनी, अन्वरभाई कोणाचे वडील?"

"यहयाचे."

"म्हणजे कुठल्या देशाचे?"

"यहयास्तानचे," अनुपमा म्हणाली.

"तुमची सगळी तयारी समोरच्या देशाच्या डोळ्यांदेखत! तुमचं पोरगं बोलणार नाही, ते पोरगं बोलणार. तेही तुमचेच मुद्दे. मला काय, मी आपलं सांगितलं." आणि ते आपल्या मजल्यावर निघून गेले. लिफ्ट थेट चौथ्या मजल्यापर्यंत जात असताना ते नेहमी एक मजला अलीकडेच का उतरत, हा प्रश्न अनुपमाला पुढे बरेच दिवस पडला.

आता, ह्या दोन घरांबद्दल एक सांगायला हवं. त्यांची दारं समोरासमोर होती आणि सकाळपासून दिवे लागेपर्यंत उघडी असत. मुलांना शाळेत नूरजहाँ सोडी, कारण तिच्याकडे गाडी होती आणि सातव्या खेपेला मिळालेलं लायसन्स होतं. अभ्यास दोघांचा अनुपमा घेई, कारण यहयाचं हिंदी तिच्याशिवाय कोणाच्याने होत नसे. मिक्सर नूरजहाँचा, पुरणयंत्र अनुपमाचं. अनुपमा अंघोळीला गेली की शुभ्रा दुडुदुडु समोर जाई. कोणी कोणाला कधी काही मागत नसे. नुसतं जाऊन घेऊन येत.

अशा घराचं दार अनुपमाने शनिवारी दुपारी ओढून घेतलं. कडी नाही लावली, नुसतं ओढून घेतलं. थोड्या वेळाने नूरजहाँ कोथिंबीर घ्यायला नेहमीसारखी आत आली, तेव्हा अनुपमाने, आपण काय करतोय ते कळायच्या आत, पलंगावरची चादर ओढून देशावर टाकली.

नूरजहाँ कोथिंबिरीची जुडी हातात घेऊन उभी राहिली. "काय गं? माझ्यापासून झाकतेस?"

"तसं नाही भाभी. ते... रंग ओला आहे."

"ओल्या रंगावर चादर?"

अनुपमाने चादरीचं टोक उगाच सारखं केलं. नूरजहाँने जुडीतल्या चार काड्या काढून घेतल्या, बाकीची जुडी ओट्यावर ठेवली आणि गेली. एरवी ती अर्धी जुडी नेत असे. समोरचं दार लागल्याचा आवाज आला. कडीचाही आला.

इथे सुट्टी शुक्रवारची, रविवारी शाळा. त्या सकाळी अंकोनिया प्रत्यक्षात बाहेर पडला होता, पण तयारी शून्य होती. अनुपमा अंकुरला घेऊन खाली आली, तर नूरजहाँची गाडी कोपऱ्यावर वळत होती. मागच्या काचेतून यहया हात हलवत होता. टॅक्सीवाला नवीन होता. ऊद मेथात भारतीय शाळा म्हटल्यावर त्याने त्यांना एका भारतीय शाळेत नेलं. ती दुसरी निघाली. मग तिसऱ्याच शाळेवरून वळसा घालून ते आपल्या शाळेत पोचले तेव्हा प्रार्थना संपली होती. पंधरा दिरहम! म्हणजे दोनशे रुपये झाले, असं अनुपमा मोठ्यांदा म्हणाली. टॅक्सीवाला पेशावरचा होता, त्याने सहानुभूतीने आपल्या रुपयांत हिशेब करून आणखी मोठा आकडा सांगितला.

घरी आल्यावर नारळाची चटणी करायची होती. खवलेला नारळ ताटात, मिक्सर समोर, आणि मध्ये एक बंद दार. तिने पाट्यावर वाटायचं ठरवलं, पण पाटा पुण्यात होता. तिने अंघोळ केली तीही दार उघडं ठेवून, शुभ्रावर नजर ठेवत. शुभ्रा मात्र बाथरूमकडे पाठ करून बाहेरच्या दाराशी बसली होती आणि दोन्ही तळव्यांनी ते बडवत होती. "नू! नू! नूऽऽ!" साबण गेलेल्या डोळ्यांनी अनुपमाने पाहिलं, की बाहेरून कोणी दार उघडलं नाही, पण दाराखालच्या फटीत दोन पावलांची सावली बराच वेळ थांबली होती.

त्या सावलीने अनुपमा विरघळायला हवी होती. पण दुखावलेल्या माणसाला नमतं घेण्याआधी एक शेवटचा ताठपणा करावासा वाटतो. "ठीक आहे," संध्याकाळी अंकुरदेखत सगळं सांगून झाल्यावर ती दत्तप्रसादला म्हणाली, "मी त्यांची सगळी भांडी परत करणार आहे. एकदाचं स्वच्छ होऊन जाऊ दे."

तिने कपाट उघडलं आणि तिला पहिल्यांदा कळलं, की आपल्या स्वयंपाकघरात आपलं फारसं काही नाहीच. ही वाटी त्यांची. हा पितळी डबा त्यांचा. निळ्या फुलांची बशी त्यांची, तिचं झाकण आपलं, पण झाकणाची मूठ अन्वरभाईंनी बसवलेली. ईदला आलेलं पातेलं, बाळंतपणात आलेला थर्मास. सगळं ओट्यावर मांडून झालं आणि ती ते टोपलीत भरणार, तेवढ्यात तिचा हात थबकला.

भांडी रिकामी होती.

शेजारच्या घराचं भांडं रिकामं परत करायचं नसतं. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. हातालाच माहीत होतं. भांडण झालं म्हणून काय झालं! निदान चार दाणे साखर तरी. पण चार दाणे साखर घालून पाठवणं म्हणजे नूरजहाँला डिवचणं, आणि अनुपमाला भांडण सभ्यपणे करायचं होतं. तिने वाटीत शेंगदाण्याची चटणी भरली. डब्यात शंकरपाळे केले. पातेलं मोठं होतं, त्यात मसालेभात. अंकुर ते सगळं घेऊन समोर गेला, घंटी वाजवून आला.

तासाभरात घंटी वाजली. यहया उभा. हातात अनुपमाची स्टीलची बरणी, तिचं चहाचं गाळणं आणि तिचाच मोठा डबा. बरणीत लिंबाचं लोणचं, डब्यात सांदणं, गरमागरम. गाळण्यात काही राहत नाही म्हणून त्यात कागद घालून खजूर. "अनुआंटी, मम्मी सेज थँक यू, अँड दॅट्स ऑल."

सांदणं नूरजहाँच्या ताटलीने झाकून आली होती. म्हणजे ती ताटली परत करणं आलं. भरून.

सोमवारी अनुपमाने ताटलीवर नारळाच्या वड्या पाठवल्या. मिक्सरविना, हाताने खवून, चडफडत. वड्या ज्या पिशवीत गेल्या ती पिशवी मंगळवारी परत आली, आत बिर्याणी. दोन्ही घरं बंद दारांआड दिवसभर रांधत होती. देशाकडे बघायला कोणाला वेळ नव्हता. अंकोनियाच्या फाटकावर चिवड्याचे पोहे सुकत होते. दत्तप्रसाद ऑफिसमधून हल्ली वेळेवर येऊ लागला होता, बिर्याणीचा तिसरा घास घेताना तो विचारपूर्वक म्हणाला, "अनु, हे वेगळं होणं मला वाटलं होतं तेवढं वाईट नाहीये."

अनुपमाच्या डोळ्यांत पाणी आलं. मिरची जास्त होती, असं तिने सांगितलं.

बुधवारी प्रदर्शन. देश टॅक्सीच्या मागच्या सीटवर आडवा ठेवला. तो पुन्हा मावेना म्हणून नदीवर दुमडला. ऊद मेथाच्या सिग्नलला अचानक ब्रेक लागला आणि अनुपमाच्या मांडीवरची शुभ्रा सुटून थेट राजधानीत बसली. गोदाम गेलं, वजनकाटा गेला. उपेंद्रकाकांनी आग्रहाने दिलेलं सैन्य शुभ्राच्या फ्रॉकला चिकटलं ते शेवटपर्यंत निघालं नाही. सभागृहात टेबलावर मांडलं तेव्हा अंकोनिया म्हणजे दोन थर्माकोलचे तुकडे, एक फाटक आणि पलीकडे एक सुबक, अभंग संडास एवढंच उरलं होतं. देश स्वतः बोलेल ही आशा संपली. आता फक्त अंकुर होता.

पालक मागच्या खुर्च्यांवर. अनुपमा आणि दत्तप्रसाद एका टोकाला, नूरजहाँ त्याच रांगेच्या दुसऱ्या टोकाला, मध्ये चार रिकाम्या खुर्च्या आणि उपेंद्रकाका. शुभ्रा "नू" म्हणून ओरडली आणि खुर्च्यांवरून चालत पलीकडे गेलीसुद्धा. नूरजहाँने तिला उचलून मांडीवर घेतलं, आणि तिच्या फ्रॉकला चिकटलेला शिपाई नखाने खरवडून पाहिला.

यहयास्तान आधी झालं. यहया खणखणीत बोलला, टाळ्या झाल्या. मग सर अंकोनियाशी आले. "सो, मिस्टर प्राइम मिनिस्टर. यू हॅव लेफ्ट द युनियन. नेक्स्ट मॉर्निंग. टेल अस, व्हॉट हॅपन्ड?"

अंकुरने तोंड उघडलं आणि मिटलं. तो यहयाच्या टेबलाकडे सरकला, अगदी सवयीने, कानाशी लागायला. मग त्याला आठवलं, की तिकडे जायचं नाही. तो मधल्या मोकळ्या जागेत थांबला. सभागृहात कोणीतरी खोकलं. अनुपमाने पाहिलं, त्याचे कान लाल झाले होते, बाळ असताना रडण्याआधी व्हायचे तसे. तिचे ओठ हलत होते: दूध, बाळा, दूध सांग, टोमॅटो सांग. तो तिच्याकडे बघत नव्हता. देवा, ती मनात म्हणाली, मला बक्षीस नको, काही नको. ह्याला एक वाक्य बोलू दे. एकच.

"नेक्स्ट मॉर्निंग," अंकुर म्हणाला, "देअर वॉज नो कार."

सरांनी भुवया उंचावल्या.

"सो वी टुक टॅक्सी. ड्रायव्हर टुक अस टु राँग स्कूल." कोणीतरी हसलं. अंकुरने दचकून पाहिलं. हसणं वाईट नव्हतं. तो थोडा सरळ उभा राहिला. मग त्याने सांगायला सुरुवात केली. देशात मिक्सर नव्हता म्हणून चटणी झाली नाही. त्याची छोटी बहीण बॉर्डरवर बसून रडली, कारण तिला कोणी सांगितलंच नव्हतं की ही बॉर्डर आहे. दुसऱ्या देशाची आंटी पलीकडे उभी होती, पण ती उघडू शकत नव्हती, कारण आधी कोणी उघडायचं ह्याचा कायदा केलेला नव्हता.

अनुपमाने डोळे मिटून घेतले. सगळं ऊद मेथा, सगळं करामा, निम्मं बर दुबई तिथे बसलं होतं.

"अँड ट्रेड?" सरांनी विचारलं. त्यांच्या हातातली गुणांची वही खाली गेली होती. "ट्रेड स्टॉप्ड?"

"नो सर. ट्रेड बिकेम टू मच." आणि मग त्याने भांड्यांचं सांगितलं. वेगळं व्हायचं तर भांडी परत करावी लागतात. पण रिकामं भांडं देता येत नाही, सर, इट इज नॉट अलाउड. म्हणून ममाने भरून दिलं. मग आंटीने भरून दिलं. मग ते परत करायला आणखी भांडी लागली. आधी आठवड्यातून एक मासा यायचा. आता रोज बिर्याणी येते. माय पपा इज व्हेरी हॅपी, सर. यहया आणि मी दिवसातून चारदा बॉर्डर क्रॉस करतो आणि जिन्यात बसून अर्धे शंकरपाळे खातो. तो आमचा टॅक्स.

सभागृह कोसळलं. सर रुमालाने डोळे पुसत होते. यहया स्वतःच्या देशाच्या टेबलामागे पोट धरून वाकला होता. दत्तप्रसादचं तोंड कानापर्यंत लाल झालं होतं. आणि अंकुर, ज्याने पहिलीपासून वर्गात एक अक्षर उच्चारलं नव्हतं, तो आता हातवारे करत होता.

सरांनी घंटी वाजवली. "व्हेरी गुड! टाइम इज ओव्हर."

"सर, वन मोअर पॉइंट. माय ममा क्राइड इन द बिर्याणी."

घंटी पुन्हा वाजली.

"अँड सर, उपेंद्रअंकल टोल्ड माय ममा इन द स्टेअरकेस—"

मधल्या खुर्चीवरून उपेंद्रकाका उठले आणि आपली टॅक्सी थांबली असल्यासारखे बाहेर पडले. अनुपमा उभी राहिली. अंकुरने तोंड उघडावं म्हणून जेवढ्या कळकळीने ती आतापर्यंत देवाची विनवणी करत होती, त्याच्या दुप्पट कळकळीने आता तिला वाटत होतं, की त्याने ते मिटावं. ताबडतोब. "अंकुर!" ती दबक्या आवाजात ओरडली. "बास!"

कोणीतरी तिचा हात खाली ओढला. मधल्या खुर्च्या ओलांडून नूरजहाँ कधी शेजारी येऊन बसली होती ते तिला कळलं नव्हतं. तिच्या कडेवर शुभ्रा होती आणि गालांवर काजळाचे ओघळ होते. हसण्याचे की कशाचे ते सांगता येत नव्हतं.

"खाली बस," नूरजहाँ म्हणाली. "बोलतोय ना तो? किती वर्षांनी बोलतोय. बोलू दे गं त्याला."

"अहो भाभी, तो घरातलं सगळं सांगतोय!"

"मग सांगू दे. इथं कोणाच्या घरात काय वेगळं चाललंय?"

अनुपमा बसली. तिकडे टेबलाशी सर घंटी हातात धरून नुसते उभे होते, आणि अंकोनियाचा पंतप्रधान श्वास घ्यायलाही न थांबता देशाला सांगत होता, की आजीने पुण्याहून फोनवर ह्या सगळ्याबद्दल काय म्हटलं.